घरचा सीएनसी राउटर: आधी काय कोरायचं ते ठरवा, मग मशीन आणि सॉफ्टवेअर

घरी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने फिरता कटर चालवून लाकूड कोरणारं मशीन, बनवायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "मोटर किती किलोची घेऊ?" मशीन उभं राहिलं की शेवटचा प्रश्न येतो, "आता सॉफ्टवेअर कोणतं टाकू?" या मशीनवर काय कोरणार हे पक्कं असेल, तर दोन्ही प्रश्न पार्ट मागवायच्या आधीच सुटतात. दारावरची पाटी, देवघराची जाळी, ॲक्रिलिकचे स्टँड, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, यातल्या प्रत्येक कामाला मशीन वेगळं लागतं आणि सॉफ्टवेअरही वेगळं.

इथे एकच मशीन धरून चालू या. कामाचं क्षेत्र ४०० × ६०० मिमी, झेडला ८० मिमी चाल. प्लाय, एमडीएफ, शिवण, सागवान, ॲक्रिलिक हे रोजचं काम. ॲल्युमिनियमची पातळ शीट सावकाश आणि कधीतरी. आठ बाय चारच्या अख्ख्या प्लायवर जाळ्या काढायच्या असतील तर हा खटाटोप करू नका. ते काम जॉबवर्कवर स्वस्त पडतं, आणि एवढं मोठं मशीन फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे?

आडवी, गँट्रीवरची (कटर धरणाऱ्या, पुढेमागे सरकणाऱ्या कमानीवरची) चाल एक्स. लांबीची वाय. वरखाली झेड. पुढे सगळीकडे हेच.

सांगाडा: कुठे काय वाकतंय

घरगुती मशीनची बहुतेक दुखणी एकाच जागेवरून निघतात. कापताना कुठला तरी भाग वाकत असतो आणि आपण दोष मोटरला देत असतो. एक हिशोब करून बघा. १६ मिमीचा गोल स्टील शाफ्ट दोन टोकांना टेकवलाय, मधे ६०० मिमी मोकळा. मध्यावर ५ किलोचा दाब आला की तो साधारण ०.३५ मिमी वाकतो. दोन शाफ्टवर भार वाटला गेला तरी ०.१७ मिमी राहतातच. तोच शाफ्ट १२ मिमीचा घेतला तर एकट्याचं वाकणं १.१ मिमीवर जातं, आणि थ्रीडी प्रिंटरमधून काढलेला ८ मिमीचा असेल तर साडेपाच मिमी! वाकणं लांबीच्या घनाने वाढतं आणि व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतं. म्हणून ३००×१८० मिमीच्या छोट्या किटमध्ये जो शाफ्ट चालून जातो, तो आपल्या मापात चालत नाही.

यावर उपाय म्हणजे पूर्ण लांबीभर आधार असलेली रेल. एसबीआर१६ ही ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेली गोल रेल स्वस्तात काम भागवते. एचजीआर१५ ही चौकोनी रेल तिच्यापेक्षा बरीच ताठ असते. बजेट ओढाताणीचं असेल तर वायला एसबीआर घ्या. एक्स आणि झेडला मात्र चौकोनीच बसवा, कारण स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, तिथेच लोंबकळत असतो.

बेस ४०×८० च्या ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजनचा करा. गँट्रीला एकच ४०×८० कमी पडतं. कापताना दाब फक्त वरून येत नाही, समोरून येतो आणि गँट्रीला पिळतोही. ८०×८० घ्या, नाहीतर दोन ४०×८० एकमेकांना बोल्टने जोडा. बाजूच्या प्लेट १० किंवा १२ मिमी ॲल्युमिनियमच्या. ड्रॉइंग तयार असेल तर भोसरी, कोल्हापूरचं उद्यमनगर, नाशिकचं सातपूर-अंबड अशा कुठल्याही भागात प्लेट कापून, भोकं पाडून, आटे मारून मिळतात. चार नग म्हटल्यावर शॉपवाला नाक मुरडतो. ड्रॉइंग स्वच्छ असलं आणि घाई नसली तर करून देतो. पुण्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, तो दिवस सोडून जा.

गँट्रीची उंची उगाच वाढवू नका. "पुढेमागे थ्रीडी करू" म्हणून झेडला २०० मिमी चाल ठेवतात, मग कटरचं टोक रेलपासून लांब जातं आणि तेवढं जास्त हलतं. पाटी १२ ते २५ मिमी जाडीची असते. ८० मिमी भरपूर झाले.

लोखंडी बॉक्स पाइपचा वेल्डिंग केलेला सांगाडा ॲल्युमिनियमपेक्षा ताठ आणि जड, म्हणजे आपल्याला हवा तसाच. अडचण एकच, वेल्डिंगने ओढ येते. रेल बसायच्या जागा नंतर मिलिंग करून घ्याव्या लागतात, किंवा शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून ओळीत आणाव्या लागतात. एमडीएफचा सांगाडा शिकण्यापुरता ठीक आहे, पण पावसाळ्यात तो फुगतो आणि मे महिन्यात लावलेला काटकोन ऑगस्टमध्ये काटकोन राहत नाही. करायचाच असेल तर कापलेल्या कडांसकट सगळीकडे सीलर मारा.

रेल बसवताना दोन्ही एकदम आवळू नका. एक रेल आधी सरळ लावून पूर्ण घट्ट करा, ती मास्टर. दुसरीचे बोल्ट सैल ठेवा, गँट्री चढवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवा आणि गँट्री जिथे असेल तिथले बोल्ट आवळत पुढे जा. शेवटी एका बोटाने ढकलली तरी सगळीकडे सारखी सरकली पाहिजे. एखाद्या जागी जड जात असेल तर तिथेच थांबा. मोटर लावल्यावर तो जडपणा हाताला कळत नाही, फक्त मोटरच्या स्टेप (बारीक टप्पे) चुकतात.

स्क्रू, मोटर, ड्रायव्हर

एसएफयू१६०५ बॉलस्क्रू (नटात गोळ्या फिरणारा, हलका चालणारा स्क्रू) घ्या: १६ मिमी व्यास, एका फेऱ्यात ५ मिमी चाल. टोकं मशीनिंग केलेला मागवा आणि त्याला बीके१२-बीएफ१२ चे सपोर्ट लावा. वायला दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू, म्हणजे एकूण चार मोटर. बॉलस्क्रू स्वतःहून अडून राहत नाही. वीज गेली की जड स्पिंडल झेडला खाली ओढतो आणि कटर जॉबवर टेकतो. लोडशेडिंगच्या गावात राहत असाल तर झेडला ब्रेकवाली मोटर लावा, नाहीतर स्पिंडलचं वजन तोलणारी गॅस स्प्रिंग.

मोटरचा विषय लवकर संपतो. नेमा २३, १८ किलो-सेंटिमीटरच्या आसपास. मोटरला करंट देणारा ड्रायव्हर डीएम५४२, सप्लाय ३६ व्होल्टचा. शिल्डवर (कंट्रोलर बोर्डवर बसणाऱ्या जोडणीच्या बोर्डवर) खोचायचे छोटे ड्रायव्हर नेमा १७ साठी असतात, या मोटरला लावू नका. ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, ड्रायव्हर जळतो.

हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे बघून घेता येतं. बेअरिंग ब्लॉक तर हातात घेऊन, रेलवर सरकवूनच घ्यावा.

स्पिंडल

पहिल्या मशीनला सुतारकामाचा ट्रिमर लावा, असं मी सांगेन. मकिताचा ३७०९ हा ५३० वॉटचा, मिनिटाला ३०,००० फेऱ्यांचा ट्रिमर कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, बिघडला तर कार्बन बदलून चालू होतो, आणि लाकडाला पुरतो. त्याची वाईट गोष्ट म्हणजे आवाज. दुपारी वामकुक्षी घेणारे शेजारी असतील तर वॉटर-कूल्ड स्पिंडलकडे वळा. ८०० वॉटचा, ६५ मिमी व्यासाचा, ईआर११ कोलेटचा या मापाला नेमका बसतो.

त्याला व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून स्पिंडलचा वेग बदलणारा डबा, लागतो. इथे घाई केली तर स्पिंडल पहिल्याच दिवशी जाऊ शकतो. हे स्पिंडल ४०० हर्ट्झवर मिनिटाला २४,००० फेऱ्या मारायला बनवलेले असतात, आणि व्हीएफडी कारखान्यातून बहुधा ५० हर्ट्झच्या साध्या मोटरसाठी सेट होऊन येतो. स्पिंडल जोडण्याआधी बेस फ्रिक्वेन्सी आणि कमाल फ्रिक्वेन्सी दोन्ही ४०० करा आणि किमान मर्यादा घाला. व्हीएफडीच्या आत वीज बंद केल्यावरही काही मिनिटं चार्ज शिल्लक असतो. झाकण लगेच उघडू नका.

वायरिंग

अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या पिनेच्या मागे काहीच नसतं. सांगाडा, व्हीएफडी, स्पिंडलची बॉडी, सगळ्यांना अर्थ पाहिजे.

व्हीएफडीचा आवाज कानाला येत नाही, पण लिमिट स्विचच्या (चाल संपली की मशीनला थांबवणाऱ्या स्विचच्या) वायरला "ऐकू" येतो. काम निम्म्यात असताना काही कारण नसताना मशीन अलार्म देऊन थांबतं ते यामुळे. स्पिंडलची केबल शील्डवाली घ्या, शील्ड अर्थला जोडा, आणि ती सिग्नलच्या वायरींसोबत एकाच ड्रॅग चेनमधून नेऊ नका. लिमिट स्विच एनसी (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) पद्धतीने जोडा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं. त्यासाठी फर्मवेअरमध्ये (कंट्रोलरच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, आपल्याकडे जीआरबीएल) $५ या सेटिंगची किंमत १ करावी लागते. पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की बराचसा त्रास जातो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. यूएसबी तुटायची बंद झाली तर चोर तिथेच आहे.

इमर्जन्सी स्विचने स्पिंडल आणि मोटर या दोन्हींचा सप्लाय तुटला पाहिजे. कंट्रोलरला फक्त "थांब" सांगणारं बटण पुरेसं नाही.

कंट्रोलर आणि त्याचे आकडे

आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर जीआरबीएल १.१ हे फर्मवेअर टाका. मोफत आहे, आणि अडलं तर विचारायला माणसं भरपूर सापडतात. बाजारातल्या जुन्या छापाच्या शिल्डवर झेड-लिमिट आणि स्पिंडल यांच्या पिनांची नावं उलटी असतात: १.१ मध्ये झेडचा लिमिट १२ नंबरला आहे आणि स्पिंडलचा पीडब्ल्यूएम (वेगाचा सिग्नल) ११ ला. होमिंग करताना (मशीन लिमिट स्विचपर्यंत जाऊन आपली जागा ओळखतं तेव्हा) झेड थांबतच नसेल तर आधी हे बघा.

स्टेपचा हिशोब असा. मोटरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप, ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ भाग), स्क्रूची चाल ५ मिमी. २०० × ८ ÷ ५ = ३२० स्टेप दर मिलिमीटरला. $१००, $१०१, $१०२ तिन्हींत ३२० भरा. उनोवरचं जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३०,००० स्टेप देऊ शकतं, म्हणजे वेगाची वरची मर्यादा मिनिटाला ५,६०० मिमीच्या आसपास. मायक्रोस्टेप १६ केले तर ती निम्म्यावर येते आणि बारकाई काही खरी वाढत नाही. ८ वर ठेवा.

३०० मिमी चालवून पोलादी पट्टीने मोजा. आकडा जमत नसेल तर ३२० चे ३१८.७ करत बसू नका. बॉलस्क्रूची चाल इतकी चुकीची नसते. कपलिंगचा स्क्रू सैल असतो किंवा स्टेप चुकत असतात.

पुढे काटकोन. एमडीएफच्या तुकड्यावर ४०० × ३०० च्या आयताच्या चार कोपऱ्यांवर मशीननेच चार भोकं पाडा आणि कर्ण मोजा. दोन्ही ५०० आले पाहिजेत. एक ५००.६ आणि दुसरा ४९९.४ आला, तर ४०० मिमीच्या गँट्रीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा साधारण १ मिमी पुढे आहे. एका बाजूचं कपलिंग सोडून तेवढा स्क्रू हाताने फिरवा आणि पुन्हा भोकं पाडा. सुताराचा गुण्या लावून हे कळत नाही.

शेवटी १८ मिमी एमडीएफची स्पॉइलबोर्ड (जॉबखाली ठेवायची, कटर लागला तरी चालेल अशी फळी) बसवून मशीनच्याच रुंद कटरने ती घासून घ्या. पातळी जुळली की सॉफ्टवेअरकडे वळू.

सॉफ्टवेअर: तीन कामं, तीन निवडी

एकच सॉफ्टवेअर शोधण्यात लोक महिना घालवतात. मुळात कामं तीन आहेत: आकार काढणं, त्या आकारावरून कटरचा रस्ता ठरवणं, आणि तो रस्ता जी-कोड नावाच्या हुकमांच्या फाइलीतून मशीनला पाठवणं. तिसऱ्याचा विचार करायचीच गरज नाही. युनिव्हर्सल जीकोड सेंडर, कँडल, जीसेंडर हे सगळे मोफत आहेत, यातला कुठलाही घ्या. पहिल्यासाठी जे येतं ते वापरा. खरी निवड दुसऱ्याची, म्हणजे कॅमची, आणि ती तुम्ही काय कोरणार यावर ठरते.

पेटीचे भाग, खाचा, मापाचे जोड असं काम असेल तर फ्रीकॅड. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि कॅमचा विभागही त्यातच आहे. शिकायला चिवट आहे, पण उद्या कोणी लायसन्सच्या अटी बदलेल ही भीती नाही. ऑटोडेस्कच्या फ्यूजनचा कॅम जास्त सफाईदार आहे. वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापराला तो मोफत मिळतो, पण एका वेळी दहाच फाइली बदलता येतात, आणि मोफत लायसन्सच्या जी-कोडमध्ये हवेतली जलद चालही कापायच्याच वेगाने होते. पाट्या विकायच्या असतील तर हे लायसन्स तुमच्यासाठी नाही.

फुलं-वेली, गणपती, उठावाचं कोरीव काम करणारे आर्टकॅमचं नाव घेतात. ऑटोडेस्कने ते २०१८ मध्ये बंद केलं. त्याचा वारसा आता कार्व्हेको चालवतं. गल्लीबोळात पेनड्राइव्हवर फिरणारी जुनी क्रॅक प्रत घेऊ नका. चोरी तर आहेच, वर मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस फुकट येतो.

पाट्या आणि अक्षरं हेच मुख्य काम असेल तर व्हेक्ट्रिकचं व्हीकार्व्ह. पैसे पडतात, पण दरमहा भाडं नाही. डेस्कटॉप आवृत्तीला ६३५ मिमीची मर्यादा आहे, आपलं मशीन तिच्यात बसतं. ट्रायलमध्ये डिझाइन करून टूलपाथ (कटरचा रस्ता) बघता येतो. तुमच्या स्वतःच्या फाइलचा जी-कोड मात्र काढू देत नाही. फुकट हवं असेल तर एफ-एनग्रेव्ह. दिसायला जुनाट, पण व्ही-बिटचं (टोकदार, व्ही आकाराच्या कटरचं) काम चोख.

मराठी अक्षरांची गोष्ट

इंग्रजीत पाटी करणाऱ्याला ही अडचण येतच नाही. सीएनसीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरचा टेक्स्ट टूल देवनागरी नीट जोडत नाही. "श्रीकृपा" टाइप केलं की श, पाय मोडलेला र, बाजूला पडलेली वेलांटी आणि भलत्याच जागी गेलेला ऋकार असं काहीतरी उमटतं. त्यामुळे अक्षरं कॅममध्ये लिहायचीच नाहीत. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा. तो मोफत आहे आणि जोडाक्षरं बरोबर जोडतो. मुक्ता किंवा बलूसारखा युनिकोड फाँट घ्या.

आता टेक्स्ट निवडून "ऑब्जेक्ट टू पाथ" करा, मग "अनग्रुप", आणि त्यानंतर "युनियन". हे युनियन विसरू नका. पडद्यावर शिरोरेखा सलग दिसते, पण ती प्रत्येक अक्षराची वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. आउटलाइन मोडमध्ये बघा, प्रत्येक सांध्यावर दोन उभ्या रेघा दिसतील. युनियन केलं नाही तर कटर त्या रेघा इमानदारीने मानतो, आणि पाटीवर शिरोरेखा तुकड्यातुकड्यांची होते. वेलांटी जिथे दांड्याला भिडते तिथेही हेच.

व्ही-बिटची खोली अक्षराच्या जाडीवर ठरते. रेघ ८ मिमी रुंद असेल तर ६०° चा बिट जवळजवळ ७ मिमी खोल जातो, ९०° चा ४ मिमी. दांडा शिरोरेखेला मिळतो तिथे रुंदी वाढते, म्हणून तिथे बिट थोडा आणखी खाली उतरतो; ते बिघाडाचं लक्षण नाही. १२ मिमीच्या फळीला जाड फाँट असेल तर ९०° चाच बिट वापरा. आणि फळीची पातळी ०.२ मिमीने चुकली तर ९०° च्या बिटाने रेघ ०.४ मिमी जाड किंवा बारीक होते. बारीक अक्षरांत ते लगेच डोळ्यात भरतं.

इंकस्केपची एसव्हीजी फाइल कॅममध्ये आणल्यावर माप तपासा. इंकस्केप ०.९२ पासून एका इंचाला ९६ एकक धरतो, काही जुनी सॉफ्टवेअर अजून ९० धरतात. १०० मिमीची पाटी १०६.७ मिमीची दिसली तर कारण हेच.

पहिली पाटी

लाकूड शिवणाचं घ्या. मऊ आहे आणि कडा स्वच्छ निघतात. सागवान दिसायला देखणं, पण त्यात सिलिका असते, धार लवकर जाते. त्याला कार्बाइडशिवाय हात लावू नका. कॅममध्ये पोस्ट-प्रोसेसर (टूलपाथचा जी-कोड करणारा भाग) जीआरबीएलचा आणि मिलिमीटरचा निवडा. फाइलच्या सुरुवातीला जी२१ दिसलं पाहिजे. जी२० म्हणजे इंच; आकडे मिलिमीटरचे आणि वर जी२० असेल तर मशीन पंचवीस पट लांब धावायला बघेल.

फीडचा हिशोब: फेरे × कटरच्या धारा × प्रत्येक धारेने काढायची चिप. १६,००० × २ × ०.०५ = मिनिटाला १,६०० मिमी. पहिल्यांदा १,००० वर चालवा आणि भुसा बघा. चुरचुरीत चिप निघाल्या तर ठीक. पीठ पडतंय आणि जळका वास येतोय, तर फीड वाढवा किंवा फेरे कमी करा. बहुतेक जण घाबरून फीड आणखी कमी करतात आणि कटर जाळतात. ३०,००० च्या एकाच वेगाचा ट्रिमर असेल तर फेरे कमी करता येत नाहीत, तिथे एका धारेचा कटर घ्या. बाहेरची कड कापताना ६ मिमीच्या कटरने एका पासला ३ मिमी पुरे.

जॉबचा झीरो (मापं जिथून सुरू होतात तो बिंदू) घेतला की आधी झेड २० मिमी वर ठेवून अख्खा प्रोग्रॅम हवेत चालवा. क्लॅम्प कुठे आडवा येतोय ते तेव्हाच कळतं. मग झेड परत फळीवर घ्या, एन ९५ मास्क, गॉगल आणि कानाला मफ लावा, व्हॅक्यूम चालू करा. एमडीएफ असेल तर मास्कशिवाय त्या खोलीत उभंही राहू नका.

आधी व्ही-बिटने अक्षरं कोरा. नंतर कटर बदला, झेडचा झीरो पुन्हा घ्या (एक्स-वायला हात लावू नका) आणि कड कापा. कडेला चार-पाच ठिकाणी दीड-दोन मिमी जाडीचे टॅब (न कापलेले छोटे पूल) ठेवा, नाहीतर शेवटच्या पासला पाटी सुटते आणि कटर ती भिरकावतो. मशीन पूर्ण थांबल्यावर टॅब पटाशीने तोडा आणि कड घासून घ्या. पॉलिशआधी अक्षरांत रंग भरायचा असेल तर फळीला एक हात सीलर आधीच मारून ठेवा. रंग लाकडाच्या रेषांत पसरत नाही, आणि वर आलेला रंग सँडिंगने निघून जातो.